लॅव्हिनिया स्ट्रीटचा चौथा बोल्ट

मॅरिट गेल्यापासून तिचा फोन वेंडेल ऑस्टरगार्डच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, ब्रेडच्या डब्याशेजारी पडून होता. रोज सकाळी तो त्याला चार्जिंगला लावी, मांजराला दूध ठेवावं तसा, आणि मग दिवसभर त्याच्याकडे बघत नसे. फोन दिवसातून दोन-तीनदा गुरगुरे. गुरगुरला की वेंडेलचा हात, जे काही करत असेल ते करता करता, क्षणभर थांबे. मग पुन्हा चालू होई.

मॅरिट त्याची एकुलती एक मुलगी. मार्चच्या अकरा तारखेला गेली. एकोणचाळीस वर्षांची, धडधाकट. शहराच्या ग्रंथालयात कामाला होती. परत आलेल्या पुस्तकांची गाडी ढकलता ढकलता डोक्यातली शीर फुटली आणि खाली बसली ती उठलीच नाही. तिची आई तीस वर्षांपूर्वीच अ‍ॅरिझोनात दुसरा संसार थाटून बसलेली. ती आली, रडली, परत गेली. वेंडेलच्या डोळ्याला मात्र पाण्याचा टिपूस आला नाही. दफनाच्या दिवशी लोक आपसात म्हणाले, म्हातारा खंबीर आहे. तो खंबीर वगैरे काही नव्हता. दाढ काढताना इंजेक्शन देतात तेव्हा गाल आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही. वेंडेलचं तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. आठ महिने झाले तरी त्या इंजेक्शनचा अंमल उतरला नव्हता. तो दुपारी डब्यातलं टोमॅटोचं सूप गरम करी, त्यात खारी बिस्किटं कुस्करी, खाई. संध्याकाळी खिशातल्या छोट्या वहीत दिवसभराचं काम आणि हवा लिहून ठेवी. ही सवय नोकरीतली. तेव्हा लिही, ‘सहा खांब. ऊन.’ आता लिही, ‘सूप. ढग.’

नोकरी म्हणजे हॅलर्सपोर्ट शहराच्या पाटी-कारखान्यातली. एकतीस वर्षं त्याने रस्त्यांच्या नावांच्या पाट्या कापल्या, त्यांवर अक्षरं चिकटवली, खांब रोवले आणि पाट्या चढवल्या. नदीपासून वरच्या टेकडीपर्यंत त्याचा खांब नाही असा कोपरा सापडणं मुश्कील. मॅरिट लहान असताना त्याच्या ट्रकमध्ये बसून विचारी, “बाबा, हा फेनिमोर कोण होता?”

“कोण होता ठाऊक नाही. पण लांबलचक होता. तीस इंची पाटी लागली.”

पोरीचं तेवढ्याने समाधान झालं नाही. मोठेपणी ग्रंथालयात चिकटली आणि जुने नकाशे, जमिनीचे कागद, चर्चच्या वह्या उपसून एकेका नावामागचं माणूस तिने खणून काढलं. ते सगळं तिने एका खेळात घातलं. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. शहरात कुठेतरी एक छोटी डबी लपवायची, आत कागदाची गुंडाळी, आणि त्या जागेचे आकडे खेळाच्या संकेतस्थळावर टाकायचे. लोक फोनवर आकडे बघत बघत येतात, डबी हुडकतात, कागदावर आपलं नाव नि तारीख टाकतात आणि डबी होती तिथे ठेवून देतात. मग डबीच्या पानावर ‘सापडली’ असं लिहितात, आणि ते लगेच डबीच्या मालकाच्या फोनवर येतं. मिळत काही नाही. अकरा रस्त्यांच्या अकरा खांबांवर मॅरिटने अकरा डब्या लपवल्या होत्या, आणि प्रत्येक डबीच्या पानावर त्या रस्त्याच्या नावाची हकिगत लिहिली होती. सहा वर्षं ती बापाला म्हणत होती, चल ना एकदा. वेंडेलचं उत्तर ठरलेलं, “माझेच खांब. त्यात मी काय शोधायचं?”

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी कोणीतरी दार बडवलं.

“उघड की रे! बेल दाबून दाबून बोट झिजलं माझं. मेलास का काय?”

बाहेर ओडेसा पिकरिंग उभी होती. त्र्याहत्तर वर्षांची, उंचीने दाराएवढी, डोक्यावर लोकरीची केशरी टोपी. सव्वीस वर्षं तिने चौदा नंबरची बस चालवली. वेंडेल त्याच बसने कामावर जाई आणि शाळकरी मॅरिट ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून ओडेसाचं डोकं खाई. निवृत्त झाल्यावर मॅरिटनेच तिला या खेळात ओढलं होतं. खेळात तिचं नाव ‘चौदा नंबर’.

“बेल बिघडलीय,” वेंडेल म्हणाला.

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“आणि हा माणूस शहरभर खांब ठोकत फिरला.” ती आत आली, टोपी न काढताच ओट्याशी गेली आणि फोनकडे बोट केलं. “हा वाचतोस का तू?”

“नाही.”

“मग चार्ज कशाला करतोस?”

वेंडेलने विचार केला. “बंद पडू नये म्हणून.”

ओडेसाने त्याच्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढली. “बस. मी वाचते.”

मॅरिटच्या फोनला कुलूप नव्हतं. लपवायला जागा बाहेर भरपूर आहे, घरात कशाला, असं ती म्हणे. ओडेसाने बोटाने वर-खाली करून पाहिजे तो निरोप काढला. निरोप पंधरा ऑक्टोबरचा होता; डबीच्या पानावरही तो सगळ्यांना दिसत होता. पाठवणाऱ्याचं नाव ‘करडा बगळा’. या भागातल्या सगळ्या डब्यांवर नजर ठेवणारा हा खेळातलाच एक स्वयंसेवक. त्याचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं, पण त्याचा शब्द शेवटचा. ओडेसाने चष्मा नाकावर आणून मोठ्याने वाचलं:

“‘लॅव्हिनिया स्ट्रीटवरची नववी डबी लागोपाठ पाच जणांना सापडली नाही. मालकिणीला तीनदा कळवलं, उत्तर नाही. गुरुवार चौदा नोव्हेंबरपर्यंत डबी जागेवर असल्याचा फोटो आणि मालकिणीचं उत्तर आलं नाही, तर या मालिकेतल्या अकराही डब्या यादीतून कायमच्या काढल्या जातील.’ आज अकरा तारीख आहे.”

“काढल्या म्हणजे?”

“पानं मिटणार. डब्या आपण उचलून आणायच्या, नाहीतर तो कचरा. मग कोणी शोधायला येत नाही.”

“आणि?”

“आणि काय आणि? तो फोन वाजायचा थांबेल, वेंडेल.”

वेंडेलने फोनकडे पाहिलं. काळी काच, तिच्यात छताचा दिवा. आतून काही हललं असं म्हणावं तर नाही. पण एवढं खरं, की फोन वाजत नाही असं स्वयंपाकघर त्याने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि ते त्याला आणता आलं नाही.

“तू का नाही कळवलंस त्या बगळ्याला? ती वारली म्हणून?”

“तिच्या खात्यातून जायला हवं ते. आणि...” ओडेसाने टोपी काढून मांडीवर ठेवली. “दोनदा लिहायला बसले. जमलं नाही. बस चालवायला शिकले मी, हे नाही शिकले.”

वेंडेल उठला. खुंटीवरचा जुना कॅनव्हासचा कोट घातला. खिशात पाना नि चाकू होताच; निवृत्तीच्या दिवसापासून ते कोणी काढले नव्हते.

“फ्लास्क घे,” ओडेसा म्हणाली. “मी तिथे उभी राहून गोठणार नाही फुकट.”

ट्रकमध्ये हीटर खडखडत होता. ओडेसाने मांडीवर फोन धरला. “पान वाचू का? नववीचं?”

“वाच किंवा नको वाचू.”

“काय माणूस आहेस! भिंतीला टेकून बोलावं तर भिंत तरी गार लागते.” तिने घसा साफ केला. “ऐक. ‘लॅव्हिनिया स्ट्रीट. शहराचे पहिले रस्ते जोसाया थ्रॅल नावाच्या मोजणीदाराने आखले. त्याची वही ग्रंथालयाच्या तळघरात आहे. त्या वहीत रोज दोनच गोष्टी असतात, किती साखळ्या जमीन मोजली आणि हवा कशी होती. ऑगस्ट महिना काढून बघा. चौदा साखळ्या, ऊन. चौदा साखळ्या, ऊन. पंधरा साखळ्या, वारा. मग एकोणीस तारीख: दोन साखळ्या. ढग. रस्त्याचं नाव लॅव्हिनिया. वीस तारीख: चौदा साखळ्या, ऊन.’”

ट्रक पुलावर चढला. खाली नदी शिशाच्या रंगाची होती.

“‘चर्चच्या वहीत त्याच एकोणीस ऑगस्टला चार वर्षांची लॅव्हिनिया थ्रॅल तापाने गेल्याची नोंद आहे. त्या वेळच्या लोकांनी पत्रांतून लिहून ठेवलंय, की थ्रॅलच्या छातीत काळीज नव्हतं, पोरगी गेली तरी दुसऱ्या दिवशी साखळी घेऊन उभा. मला तसं वाटत नाही. रोज चौदा साखळ्या मोजणारा माणूस त्या दिवशी दोन साखळ्यांवर थांबला. अशी माणसं मला माहीत आहेत. त्यांतल्या एकाच्या घरी मी वाढले.’”

ओडेसा थांबली. वेंडेलने वळणाचा दिवा लावला, आरसा बघितला, वळण घेतलं. वळण झाल्यावर दिवा आपोआप बंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. त्याने हाताने बंद केला.

“पुढे काही आहे?” त्याने विचारलं.

“आहे. सगळ्या अकरा पानांवर आहे हे. ‘कागदावरची पहिली ओळ कोरी सोडा. ती एका माणसासाठी राखली आहे. तो हट्टी आहे, वेळ लागेल.’” ओडेसाने चष्मा पुसला. “या खेळात पहिल्या ओळीसाठी माणसं पहाटे अंथरुणातून उठून पळतात, माहितेय? नवी डबी आली की पायजम्यावर धावतात. आणि सहा वर्षं अकरा कागदांवर एकानेही त्या ओळीला हात लावला नाही. परगावचे, नवखे, पोरंटोरं, कोणीही नाही.”

“बरं,” वेंडेल म्हणाला.

लॅव्हिनिया आणि चौथा रस्ता मिळतात तो कोपरा उताराचा आहे. एका बाजूला विटांची जुनी गिरणी, आता तिथे सायकलींचं दुकान. दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी बागेचं कुंपण. मध्ये फुटपाथवर खांब. वेंडेलने ट्रक लावला. ढग खाली आले होते, पण पडत काही नव्हतं. ओडेसा उतरून कुंपणाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. खांबाकडे आली नाही.

“तिकडे काय?” वेंडेलने विचारलं.

“सगळे इथे शोधत होते. कुंपणाच्या पायाशी. आधी इथे आयव्हीचा वेल होता, जुलैत मालकाने साफ केला.”

“खांबावर आहे असं पान म्हणतं. मग कुंपणाशी का शोधायचे?”

ओडेसाने फ्लास्कचं झाकण उघडलं, परत लावलं. “कारण मी इथे एक ठेवली होती.”

वेंडेल वळून कुंपणापाशी आला.

“एप्रिलात आले होते मी. माझ्या दहा झालेल्या, ही एकच राहिलेली. मुद्दाम ठेवली होती मागे. संपली की संपलं ना सगळं. मॅरिट असताना म्हणायची, कधी शोधणार म्हातारे? ती गेल्यावर आले. खांब चाचपला, पाटी चाचपली, तासभर उकिडवी बसून गुडघे गेले माझे. नाही सापडली. आता नियम सरळ आहे. नाही सापडली तर ‘नाही सापडली’ असं लिहायचं. पण तिच्या पानावर, ती जाऊन महिना झालेला, ‘नाही’ हा शब्द लिहायला माझा हात होईना. म्हटलं, हरवली असेल, आपणच दुसरी ठेवू. पर्समध्ये औषधाची बाटली होती. तिच्यात कागद घातला, वेलात खुपसली, ‘सापडली’ लिहून टाकलं. आणि कुठे ठेवली तेही लिहिलं, शहाणपणाने.” तिने नाक ओढलं. “ज्याची डबी त्याला न विचारता दुसरी टाकायची, याच्याइतकं हलकं काम या खेळात नाही. नवशिक्यांना मी स्वतः झापलंय त्यावरून. सहा जणांनी माझ्या बाटलीत सही केली. मग वेल गेला, बाटली गेली, आणि पुढचे पाच जण माझ्या शब्दावर कुंपण हुंगत बसले. खरी डबी असली तरी तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. तर हे सगळं माझ्यामुळे आहे. ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी सकाळपासून. झालं, सांगितलं.”

“बरं.”

“बरं काय बरं? शिवी दे की एखादी!”

वेंडेलने शोधून बघितली. शिवी नव्हती. काहीच नव्हतं. “कॉफी दे,” तो म्हणाला.

तिने झाकणात ओतून दिली. तो ती घेऊन खांबाशी गेला. आपलं काम त्याला लांबूनही ओळखू आलं असतं. पाटी चोवीस इंची, कडा गोल केलेल्या, अक्षरं सारख्या अंतरावर. खांबाला नवा करडा रंग.

“हा रंग कधी दिला?”

“वसंतात दिला ना शहराने. या बाजूचे सगळे खांब रंगवले. मी आले तेव्हा ताजाच होता, कोटाला लागला माझ्या.”

“पानावर काही खूण असते ना? शोधणाऱ्यासाठी?”

“असते, पण हिने काय दिलीय बघ. डोकं फुटलं लोकांचं.” ओडेसाने वाचलं, “‘बाबांनी सोडलेली जागा मी भरली.’ एवढंच.”

वेंडेल खाली बघत होता.

खांबाच्या पायाला चौकोनी लोखंडी पट्टी असते, तिच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, चार बोल्ट. शहराचा नियम चारचा. पण या कोपऱ्याच्या फुटपाथखाली जुन्या गिरणीच्या पायाचा ग्रॅनाइट आहे. चौऱ्याण्णव साली इथे त्याचं ड्रिलचं पातं मोडलं, दुसरं आणलं, तेही मोडलं. मग त्याने तीन बोल्ट आवळले, चौथं भोक तसंच सोडलं आणि कागदावर चार लिहिले. एकतीस वर्षांत कामात केलेली एवढी एकच लबाडी. मुकादमाने कधी वाकून पाहिलं नाही. त्या रात्री जेवताना वेंडेलने ती गोष्ट एकाच माणसाला सांगितली होती. ते माणूस नऊ वर्षांचं होतं आणि त्याने विचारलं होतं, “मग खांब पडणार नाही ना बाबा?”

आता तिथे चार बोल्ट होते.

त्याने झाकण ओडेसाच्या हातात दिलं आणि एक गुडघा टेकला. मग दुसरा. चाकू उघडून रस्त्याच्या बाजूच्या बोल्टभोवती पातं फिरवलं. रंगाचा पापुद्रा वर्तुळात सुटला. पाना लावायची गरजच पडली नाही. नुसता अंगठा रेटला तर बोल्ट लोहचुंबकासारखा टक्कन सुटून त्याच्या तळहातावर आला. खरोखरच त्याला खाली चुंबक होतं. हलका होता, आतून पोकळ.

“अगं माझे आई!” ओडेसा म्हणाली. “मी त्याच्यावर हात ठेवून उभी राहिले होते. हात ठेवून!”

“रंगाने धरून ठेवला होता.”

त्याने आटे फिरवून तो उघडला. आत सिगरेटएवढी गुंडाळी, कोरडी. उलगडली. बारीक बारीक नावं, वेगवेगळ्या शाईची, सहा वर्षांच्या तारखा. शेवटची तारीख आठ मार्च, कोणी ‘भटकी बदकं’. तिच्यावरती मॅरिटचं अक्षर: ‘२ मार्च. तपासलं. कोरडं आहे. म.’ आणि अगदी वर, सगळ्यांच्या डोक्यावर, पट्टीने आखलेली एक रिकामी ओळ.

वेंडेल कागद धरून गुडघ्यांवर होता. सायकलींच्या दुकानातून कोणी पंप मारल्याचा आवाज येत होता. आता काहीतरी होईल असं ओडेसाला वाटलं असावं, कारण ती त्याच्या खांद्यापाशी सरकली. त्यालाही वाटलं, आता होईल. त्याने वाट बघितली. गुडघ्यांना फुटपाथ गार लागत होता, एवढं त्याला कळलं. तेही बऱ्याच दिवसांनी.

“पेन आहे माझ्याकडे,” ओडेसा हळूच म्हणाली. “पण ऐक. आधी एक ठरवावं लागेल. डब्या जगवायच्या तर त्यांना कोणीतरी मालक हवा. आणि मालकाला आपलीच डबी शोधली म्हणता येत नाही, सही करता येत नाही. खेळाचा पहिला नियम आहे तो. तर मी होते मालकीण. तू पहिली ओळ घे. अकराही घे, आपण एकेक करून फिरू.”

“मग तुझी अकरावी?”

“माझी राहिली. त्याच लायकीची आहे मी.”

वेंडेलने पेन घेतलं नाही. “मी शोधलं कुठे?” तो म्हणाला. “मला ठाऊक होतं.”

“अरे पण ती ओळ तुझ्यासाठी...”

“ठाऊक असलेलं शोधलं म्हणून लिहायचं, म्हणजे तुझ्या बाटलीसारखंच झालं.”

ओडेसाने पुढे केलेलं पेन मागे घेतलं.

“तू सही कर,” तो म्हणाला. “खाली. आजची तारीख घाल. आणि एप्रिलातलं ते खोडून टाक.”

“शोधली तूच ना पण?”

“तू इथवर आणलंस. मी घरी सूप करत होतो. कर.”

तिने ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून ‘चौदा नंबर’ लिहिलं. नावाची शेपटी तारखेत गेली. मग तोंड फिरवून ती कुंपणापाशी गेली आणि बराच वेळ रिकाम्या कुंपणाची पाहणी करत राहिली. वेंडेलने तिला करू दिली.

तोवर त्याने फोटो काढला: पट्टी, बोल्ट, कागद. आता उत्तर लिहायचं होतं. फोन त्याच्या जाड बोटांना लहान पडत होता. करड्या बगळ्याच्या निरोपाखाली रिकामी चौकट उघडी होती. आठ महिन्यांत हे वाक्य त्याला लिहावं किंवा बोलावं लागलं नव्हतं. इस्पितळाने कळवलं, ग्रंथालयाने कळवलं, बँकेचे कागद मॅरिटच्या आईने भरले. ज्यांना माहीत होतं ते बोलत नव्हते आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना तो भेटत नव्हता. त्याने एका बोटाने एकेक अक्षर बसवायला घेतलं. कारखान्यात पाटीवर अक्षर चिकटवायच्या आधी ते कापडाने पुसून घ्यायचे. त्याने नकळत अंगठा कोटाला पुसला.

‘मालकीण मार्चमध्ये वारली. मी तिचा बाप. डबी जागेवर आहे. खांब माझेच आहेत. मी बघत जाईन.’

लिहून झाल्यावर त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की एवढं एका पाटीवर बसायचं नाही. छत्तीस इंचीवरसुद्धा नाही. दोन ओळी कराव्या लागतील. मग त्याने पाठवा म्हणून दाबलं.

ते ट्रकमध्ये बसून उरलेली कॉफी पीत होते तेव्हा फोन गुरगुरला. या वेळी तो वेंडेलच्या हातातच होता. गुरगुर हाडापर्यंत गेली.

“काय म्हणतो बगळा?”

“‘मला ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं. तिच्या चौथ्या डबीवर मी स्वतः येऊन गेलोय, पहिली ओळ सोडून. अकराही चालू ठेवतो. खेळातलं तुमचं नाव काय घालू?’”

“‘हट्टी’ घाल,” ओडेसा म्हणाली. तिचे डोळे लाल होते आणि टोपी उलटी घातलेली होती. “शोभेल.”

वेंडेलने ‘तीन बोल्ट’ असं लिहिलं.

निघण्याआधी तो पुन्हा खाली उतरला. पोकळ बोल्ट त्याच्या जागी टक्कन बसवला. मग उरलेल्या तिन्हींना पाना लावून पाहिला. दोन घट्ट होते. तिसरा अर्धा आटा फिरला. त्याने तो आवळला, खांबाला दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं. हलला नाही.

“उद्या येऊ का?” त्याने तिला तिच्या घरी सोडलं तेव्हा ओडेसाने विचारलं. “बाकीच्या दहा बघायला हव्यात. थंडीतला पाऊस आता लागेल, कागद भिजतात.”

“ये. बेल वाजवू नकोस.”

“वाजवायला ती चालते कुठे मेली!” असं म्हणून तिने ट्रकचं दार आपटलं.

वेंडेलने सूप गरम केलं. बिस्किटं कुस्करली. दोन चमचे झाले नाहीत तोच ओट्यावरचा फोन गुरगुरला. त्याचा हात थांबला. तो उठला, हात पुसले, वाचलं. कोणी ‘ओला मोजा’ म्हणून होता, फेनिमोर स्ट्रीटवरून. लिहिलं होतं, ‘चौथी डबी सापडली. गोष्ट आवडली. कागद भरत आलाय आणि कोपऱ्यातून ओला आहे, बदलायला हवा.’

त्याने खण उघडून कात्री काढली, पोलादी पट्टी काढली, एक जाड पांढरा कागद घेतला. बोटभर रुंदीची पट्टी कापली. पेन्सिलीने रेघा आखायला सुरुवात केली. वरची पहिली रेघ ओढल्यावर तो थोडा थांबला, तिच्याखाली दुसरी ओढली आणि दुसरीपासून पुढे बारीक आकडे घातले. पहिलीला घातला नाही.

सूप गार झालं होतं. त्याने ते तसंच संपवलं. मग खिशातली वही काढून अकरा नोव्हेंबर लिहिलं, आणि पुढे: ‘एक खांब. ढग.’

पेन्सिल ठेवता ठेवता त्याने आणखी दोन शब्द घातले. ‘उद्या फेनिमोर.’